अप्पांचा होकार

गोदातीर विद्यापीठात संशोधन नीतीचं प्रशिक्षण म्हटलं की भल्याभल्या प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडत. अवघड म्हणून नव्हे, कंटाळवाणं म्हणून. पण करता काय? प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय अनुदानाचा अर्जच उघडत नसे. मग दर वर्षी जूनमध्ये सगळे निमूटपणे सभागृहात येऊन बसत आणि प्रणोती कासार त्यांना दोन दिवस नियमांचे डोस पाजत असे.

बाई बोलायला मोठी खमकी. कुणी डुलकी काढली की त्यालाच उभं करायची.

"सर, चौथा नियम सांगा बरं."

"चौथा... संमती घेताना..."

"संमती घेताना घरचं माणूस खोलीत नको. का नको? कारण आपल्याकडे माणूस संशोधकाला नाही म्हणेल, डॉक्टरला एक वेळ नाही म्हणेल, पण लेक समोर बसली असेल तर कसला नाही म्हणतोय! आणि सातवा? सहभागी माणूस कधीही बाहेर पडू शकतो, कारण न सांगता. कारण विचारायचंसुद्धा नाही."

मग ती पट्टी काढायची. आकलनपट्टी असं तिचं भारदस्त नाव, पण सगळे नुसतं पट्टी म्हणत. कपाळाला बांधायची, रबरासारखी मऊ. प्रणोती एखाद्या प्राध्यापकाला ती बांधायची आणि म्हणायची, "आईनं चहात साखर घातली." पडद्यावरची रेघ शांत. मग म्हणायची, "आईनं चहात चप्पल घातली." रेघ दचकल्यासारखी खाली जायची. सभागृहात हशा.

शास्त्र तेवढंच होतं. कानावर पडलेलं वाक्य माणसाला समजत असेल, तर पुढं कुठला शब्द येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधून ठेवतो. भलताच शब्द आला की तो दचकतो. अर्ध्या सेकंदाच्या आत, माणसाच्या हातात नसलेला दचका. वाक्य समजतच नसेल तर साखर काय नि चप्पल काय, मेंदूला सारखंच. म्हणून संमतीपत्रातलं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकवायचं, एकदा बरोबर, एकदा मुद्दाम चुकवून. "या शस्त्रक्रियेत रक्तस्राव होऊ शकतो." "या शस्त्रक्रियेत लग्न होऊ शकतं." चुकीच्या ठिकाणी दचका आला, की माणसाला कळतंय हे सिद्ध झालं. ज्यांना बोलता येत नाही, सही करता येत नाही, अशांसाठी ही पट्टी म्हणजे वरदानच ठरली. आता तिच्या अहवालाशिवाय कुठलीच निधी देणारी संस्था माणसांवरच्या प्रयोगाला हात लावत नव्हती.

हे सगळं भाषण प्रणोती आदल्या आठवड्यात घरी मोठ्यानं म्हणून बघायची. श्रोता एकच, तिचे अप्पा.

भास्कर कासार म्हणजे परभणीच्या एसटी स्टँडवरचा आवाज. एकतीस वर्षं त्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी गाड्या पुकारल्या. "जिंतूरमार्गे हिंगोलीला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." आवाज असा, की स्टँडमागच्या भाजीबाजारात बायका कान टवकारून म्हणायच्या, चला माय, कासार बोलला, गाडी आली. माणूस निवृत्त झाला तरी लोक रस्त्यात थांबवून पुकारायला लावत. अप्पाही पुकारत. नाही म्हणायचा स्वभावच नव्हता. प्रणोतीला तर जन्मात कधी नाही म्हटलं नाही त्यांनी. आई लवकर गेली, म्हणून असेल. सायकल हवी? हो. मुलींच्या सहलीला जाऊ? हो. लग्न मोडून परत आली तेव्हासुद्धा, "इथंच राहू का, अप्पा?" "हो गं माय, विचारतेस काय!"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि तो आवाज गेला. हातपाय सुधारले, चालणं आलं, सगळं समजत होतं. फक्त शब्द गेले. एकच उरला. हो.

भूक लागली, हो. पोट भरलं, हो. दुखतंय, हो. पंखा लाव, हो. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो, बाकीचे वाहून जातात. प्रणोतीला त्या होकारांचे सूर पाठ झाले होते. लांबवलेला म्हणजे नको, तुटका म्हणजे दुखतंय, नाकातून आला तर थट्टा. शेजारणीला ती फुशारकीनं सांगायची, "मला अप्पांची अख्खी भाषा येते."

पण एक काटा होता. आवाज गेला त्या दिवशी, दुपारी, अप्पांचा फोन आला होता. प्रणोती पुण्यात एका बैठकीत. "हे बघ प्रणो, तुला एक सांगायचं राहिलंच—" "अप्पा, मी कामात आहे हो! संध्याकाळी बोलू." आणि तिनं फोन कापला. संध्याकाळी ते अतिदक्षता विभागात होते.

काय सांगायचं होतं? दोन वर्षं हाच एक प्रश्न. जेवताना, गाडी चालवताना, भाषण करताना. तिनं शंभर वेळा विचारलं असेल. आईबद्दल का? घराबद्दल? माझ्याबद्दल? दर वेळी उत्तर एकच.

डॉ. शाल्मली बेडेकर विद्यापीठाच्या वाचा प्रयोगशाळेच्या प्रमुख. हुशार, धडाडीची, आणि मनानं वाईट मुळीच नाही. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ जाळी बनवली होती तिनं. ती कवटीखाली, मेंदूच्या पृष्ठभागावर अलगद अंथरायची. बोलायचा बेत मेंदूत तयार होतो, पण ओठांपर्यंत जायचा रस्ता खचलेला असतो. जाळी तो बेत वरच्या वर पकडायची आणि गळ्यात अडकवलेल्या डबीतून आवाज काढायची. माणसाची जुनी ध्वनिमुद्रणं असली तर हुबेहूब त्याचाच आवाज. अकरा जणांवर प्रयोग झाला होता. सेलूच्या एका आजींनी चार वर्षांनी नातवाला नावानं हाक मारली, तेव्हा प्रयोगशाळेतला झाडूवालासुद्धा रडला होता.

अनुदानाच्या दुसऱ्या टप्प्याला बारा माणसं लागत. बारावा गृहस्थ ऐन वेळी बिथरला. अर्जाची मुदत शुक्रवारची.

"प्रणोती, अप्पांचं का नाही करत?" शाल्मलीनं सोमवारी विचारलं. "एसटीकडे त्यांच्या आवाजाच्या तासन् तास फिती आहेत. इतकं चांगलं ध्वनिमुद्रण जगात कुणाचं नसेल."

"माझेच वडील? मी समन्वयक असताना?"

"संमती तुमच्या नीती विभागातले सलीम सर घेतील. तू लांब राहा."

प्रणोतीनं घरी येऊन अप्पांना सगळं समजावलं. जाळी, कवटी, धोका. काही लपवलं नाही, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. "अप्पा, तुम्ही परत बोलाल. करायचं?"

अप्पांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. तिचा चेहरा कसा झाला होता कुणास ठाऊक. मग ते म्हणाले, "हो."

जरा लांबवलेलाच होता. पण तिला वाटलं, भीती असेल. कवटी उघडायची म्हटल्यावर कोण घाबरणार नाही?

बुधवारी सलीम सरांच्या मुलाला डेंग्यू झाला आणि ते दवाखान्यात अडकले. शाल्मली म्हणाली, "कागदावर सही मी करते. तू फक्त पट्टी बांध. मशीनच सांगणार आहे ना सगळं? तू थोडीच ठरवणार आहेस!" प्रणोती बाहेर जायला उठली, तर अप्पांनी तिचा हात धरला. सोडेनात. तीही बसली. चौथा नियम तिला आठवला नाही असं नाही. आठवला, आणि ती बसली.

वाक्यं सुरू झाली. रक्तस्राव, दचका नाही. लग्न, दचका. जंतुसंसर्ग, दचका नाही. एकेक वाक्य अप्पांना लख्ख कळत होतं. शंभरातलं शहाण्णव आकलन. हिरवा दिवा लागला. शेवटचं वाक्य नेहमीचंच, त्यात काही चुकवायचं नसतं.

"मी या संशोधनात स्वखुशीनं भाग घेत आहे."

रेघ दचकली.

साधासुधा नव्हे, चांगला खोल दचका. 'स्वखुशीनं' या शब्दावर. चहात चप्पल घातल्यासारखा.

"संमती आहे?" मशीननं विचारलं. अप्पांनी प्रणोतीकडे बघितलं. "हो."

पडद्यावर चौकट आली. अनपेक्षित दचका, कारण निवडा. खोकला. हालचाल. पट्टी सरकली. चौथा पर्यायच नव्हता. खऱ्या वाक्यावर कुणी दचकेल हे ती यंत्रणा बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पट्टीला चुकीचा शब्द कळतो, तो कुणाच्या लेखी चुकीचा हे कुठं कळतं?

अप्पा खोकले नव्हते. हलले नव्हते. पट्टी जागच्या जागी होती. प्रणोतीच्या डोळ्यांपुढं तो अर्धवट फोन उभा राहिला, आणि तिनं 'खोकला' निवडला.

शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. रक्तस्राव नाही, जंतुसंसर्ग नाही. तीन आठवड्यांनी डबी जोडायचा दिवस आला. प्रयोगशाळेत गर्दी. कुलगुरू येऊन बसलेले, निधी देणाऱ्या संस्थेचे दोन जण पडद्यावर. अप्पा स्वच्छ पांढऱ्या शर्टात, डोक्याला टोपी.

"काका, मनात येईल तो शब्द बोला," शाल्मली म्हणाली. "घाई नाही."

अप्पांचे ओठ हलले. डबीतून नुसती खरखर. पुन्हा हलले. पुन्हा खरखर. तिसऱ्या वेळी डबीतून तो आवाज आला. तोच, स्टँडवरचा, भाजीबाजारापर्यंत जाणारा, खणखणीत.

"नाही."

सगळी खोली उसळली. टाळ्या, शिट्ट्या. शाल्मलीच्या डोळ्यांत पाणी. "नवा शब्द! दोन वर्षांनी नवा शब्द!" ती कुणाला तरी मिठी मारत होती. कुलगुरू पेढे मागवायला सांगत होते.

"नाही," अप्पा पुन्हा म्हणाले. टाळ्या आणखी वाढल्या.

अप्पा टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत नव्हते, ते प्रणोतीकडे बघत होते. तिनं खुर्चीची पाठ धरली आणि तिथंच उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा अप्पा तिला नाही म्हणाले होते, आणि सगळं विद्यापीठ त्यावर टाळ्या वाजवत होतं.

आठवडाभरात डबीतून एकेक करून सगळे शब्द यायला लागले, पण घरी ते फारसं बोलले नाहीत. चहा मागायचे तोसुद्धा पुकारल्यासारखा. सगळा आवाज स्टँडवरच्या फितींतून घडवलेला, त्याला दुसरा सूरच ठाऊक नव्हता. "कृपया चहा." पहिल्यांदा दोघं हसले. मग हसू येईना. रविवारी सकाळी प्रणोती त्यांच्यासमोर पाटावर येऊन बसली.

"अप्पा, त्या दिवशी फोनवर तुम्ही म्हणालात, एक सांगायचं राहिलंय. काय होतं?"

अप्पांनी डोळे मिटले. डबीवरचा छोटा दिवा लुकलुकत राहिला.

"आठवत नाही," डबी म्हणाली.

"नीट आठवा ना."

"आठवत नाही, गं माय. काहीतरी साधंच असेल. गॅस संपला, नाहीतर धोब्याचं काहीतरी."

प्रणोतीला रडू फुटलं. लहान मुलीसारखी हमसून रडली ती. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा हात थरथरत होता, पण डबीतला आवाज मात्र ठाम, फलाट क्रमांक सांगावा तसा. त्या आवाजाला थरथरता येत नव्हतं.

"यासाठी केलंस?"

तिनं रडतच मान डोलावली.

"मला नको होतं. एकतीस वर्षं बोललो. लोकांच्या गाड्या सुटायच्या, मी बोलतच असायचो. गप्प बसलो तेव्हा पहिल्यांदा बरं वाटलं. सकाळी चिमण्या ऐकू यायला लागल्या. तुझं भाषण ऐकायचो. माझं एका शब्दात भागत होतं."

"मग सांगितलं का नाही? हात धरलात माझा तिथं!"

"जाऊ नकोस म्हणून नाही धरला. इथून ने म्हणून धरला."

प्रणोती बघतच राहिली. अख्खी भाषा येते म्हणणारी ती!

"दोन वर्षं तुझे नियम ऐकतोय," डबी म्हणाली. "पाठ झालेत. चौथा मोडलास तू. मला वाटलं, आत्ता उठेल, आत्ता उठेल. तुझ्याकडे बघितलं, तर तुझा चेहरा असा... मग म्हटलं, हो."

"अप्पा..."

"आता सातवा नियम. बंद कर हे."

"पण अप्पा, हळूहळू सवय होईल, आवाजाचा सूरही सुधारता येतो, शाल्मली म्हणत होती—" बोलता बोलता ती थांबली. "का बंद करायचं?"

"कारण विचारायचं नसतं," अप्पा म्हणाले. "तूच सांगतेस."

तिनं शाल्मलीला फोन लावला. अप्पांचं बाहेर पडणं कळवलं. मग त्याच दिवशी, जेवणाआधी, नीती समितीला पत्र लिहिलं. 'संमतीच्या वेळी मी खोलीत होते. शेवटच्या वाक्यावर दचका आला. सहभागी खोकला नव्हता. मी खोटं नोंदवलं.' चार वाक्यं. त्यापुढं लिहायला तिला काही सुचलं नाही.

शाल्मली दुसऱ्या दिवशी घरी आली ती संतापूनच. "मला आधी विचारायचंस तरी! दुसरा टप्पा अडकला. सेलूच्या आजींच्या जाळीची देखभाल याच अनुदानातून होणार होती. त्या अकरा जणांचं काय करू मी? त्यांनी तर मनापासून हो म्हटलं होतं!" शाल्मलीचा आवाज मग खाली आला. "सही माझी होती गं. मीही नाही बघितलं." अप्पा आतल्या खोलीत होते.

चौकशी झाली. प्रणोतीचं प्रशिक्षणाचं काम काढून घेतलं, ती आता ग्रंथालयात परतीची पुस्तकं लावते. अनुदान वर्षभर लांबलं. त्या वर्षात सेलूच्या आजींची जाळी दोनदा बिघडली, आणि दुसऱ्यांदा दुरुस्त व्हायला चार महिने लागले. चार महिने त्या नातवाकडे नुसत्या बघत होत्या. हे प्रणोतीच्या कानावर आलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. एक मात्र बरं झालं. पट्टीची यंत्रणा बदलली. खऱ्या वाक्यावर दचका आला की आता यंत्र पुढं जातच नाही. खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढतं आणि माणसाला एकट्याला पुन्हा विचारतं.

डबी कपाटात वरच्या फळीवर आहे. जाळी अप्पांच्या डोक्यात तशीच आहे, निमूट. काढायची म्हणजे पुन्हा कवटी उघडायची, आणि ते प्रणोतीनं विचारलंसुद्धा नाही. विचारलं तर ते काय म्हणतील हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचा अर्थ काय हे ठाऊक नव्हतं.

एका दुपारी दोघं गॅलरीत बसली होती. कुंडीच्या कडेवर चिमण्या. अप्पा बशीतून चहा पीत होते. टोपीखाली टाक्यांची रेघ दिसत होती, कानामागून वर गेलेली. किती दिवस तिच्या ओठांवर आलेलं आज बाहेर पडलं.

"अप्पा, मला माफ केलंत का?"

अप्पांनी बशी खाली ठेवली. तिच्याकडे बघितलं.

"हो."

लांबवलेला नव्हता, तुटका नव्हता, नाकातलाही नव्हता. तिनं कान देऊन ऐकला, तरी तिला काही कळलं नाही. विद्यापीठात पट्टी होती. सलीम सरांना म्हटलं असतं तर त्यांनी अर्ध्या तासासाठी गुपचूप आणून दिली असती. अप्पांच्या कपाळाला बांधायची, 'मी प्रणोतीला माफ केलं आहे' म्हणायचं, आणि रेघेकडे बघायचं. एवढंच.

प्रणोतीनं पट्टी आणली नाही. आज नाही, नंतरही नाही.

"अजून चहा घेता?" तिनं विचारलं.

"हो," अप्पा म्हणाले.

तिनं चहा ओतला, बशी त्यांच्यापुढं सरकवली, आणि ते पितात की नाही हे बघत बसून राहिली.